उतार आणि ओघ : वऱ्हाडातील नद्या व जलविद्युतीचा इतिहास

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत महानिर्मितीची जलविद्युत केंद्रे दोनच आहेत. तेल्हारा तालुक्यातील वान धरणाच्या पायथ्याशी दीड मेगावॉटचे एक, आणि अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर धरणावर पाऊण मेगावॉटचे दुसरे. दोन्ही मिळून सव्वादोन मेगावॉट. कोयनेच्या सर्व टप्प्यांची एकत्रित क्षमता १,९०० मेगावॉटहून जास्त आहे, म्हणजे या दोन केंद्रांच्या आठशेपटींहून अधिक. इतक्याशा भांडवलावर एखाद्या प्रदेशाच्या जलविद्युतीचा इतिहास लिहायचा म्हणजे धाडसच वाटेल. पण केंद्रे कुठे उभी राहिली याबरोबरच ती कुठे आणि का उभी राहिली नाहीत, हेही या इतिहासात मोडते. वऱ्हाडाच्या बाबतीत हा दुसरा भागच मोठा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक शिकवणारा आहे.

कारण उंचीची वाण इथे नाही. परतवाड्याहून किंवा अकोटहून उत्तरेला पाहिले की गाविलगडचे डोंगर एकदम उठलेले दिसतात. सातपुड्याचा हा दक्षिण काठ भूगर्भातील मोठ्या भेगेवर उभा आहे. भेगेच्या एका अंगाला बेसाल्टचे पठार उचललेले, दुसऱ्या अंगाला पूर्णेचे खोरे खचलेले आणि शेकडो मीटर गाळाने भरलेले. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपास आहे, तर खाली पूर्णाकाठचा मुलूख ३०० मीटरच्या आतबाहेर. पठाराच्या कडेपासून पायथ्यापर्यंत सातशे मीटरचा उतार मिळतो. कोयनेच्या पहिल्या टप्प्यातील पाणी पोफळीला पोचेपर्यंत सुमारे ४७५ मीटर पडते. नुसत्या उंचीवर वीज झाली असती तर चिखलदरा पोफळीच्या पुढे असता.

जलविद्युतीचे गणित मात्र दोन राशींच्या गुणाकाराचे आहे: पाणी किती मीटर पडते आणि सेकंदाला किती पाणी पडते. एक घनमीटर पाणी दर सेकंदाला १०० मीटर खाली पडत राहिले तर त्यातून तत्त्वतः ९८१ किलोवॉट शक्ती मिळते. नळातील घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांतील घट वजा जाता हाती ८०० ते ८५० किलोवॉट येतात. साठ्याच्या भाषेत सांगायचे तर एक दशलक्ष घनमीटर, म्हणजे सिंचन खात्याच्या बोलीतले एक दलघमी पाणी १०० मीटर पडले तर सुमारे सव्वादोन ते अडीच लाख युनिट वीज मिळते. पडाव दुप्पट केला तर वीज दुप्पट. पाणी निम्मे झाले तर वीज निम्मी. गुणाकारातली एक संख्या शून्याकडे गेली की दुसरी कितीही मोठी असून उपयोग होत नाही. वऱ्हाडात शून्याकडे जाते ती ओघाची संख्या, आणि ती दरवर्षी, ठरलेल्या महिन्यांत जाते.

मेळघाटातील पाणी दोन दिशांना वाहते. सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या नद्या उत्तर-पश्चिमेकडे वळून तापीला मिळतात. वान, शहानूर, चंद्रभागा, सापन या दक्षिणेला घाट उतरून पूर्णेच्या मैदानात येतात. पूर्णा स्वतः मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा ओलांडते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीत विलीन होते. तिच्या दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा, मन या नद्या येतात, पण त्यांच्या उगमाचे पठार बुटके आहे. वीजनिर्मितीच्या दृष्टीने त्यांचा विचार कधीच फारसा झाला नाही. अमरावतीच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा नदी तर या खोऱ्याचीच नव्हे. तिचे पाणी वैनगंगा-प्राणहितेतून गोदावरीला जाते.

चिखलदऱ्याला वर्षाकाठी साधारण १,५०० मिलिमीटर किंवा थोडा अधिक पाऊस पडतो. अकोल्याच्या जवळपास दुप्पट, पण कोयनानगरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यातला बहुतेक भाग जूनअखेर ते सप्टेंबर एवढ्या काळात येतो. बेसाल्टच्या उभ्या उतारावर पाणी मुरायला सवड मिळत नाही. ऑगस्टमध्ये भीमकुंडाचा धबधबा गर्जत असतो आणि फेब्रुवारीत त्याच कड्यावर ओली रेघ उरते. जंगलातले ओढे मार्चपर्यंत तुटक डोहांवर येतात. जे पाणी डोंगर उतरून येते, त्यातलेही बरेचसे पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात जिरते. भूजल जाणकार या पट्ट्याला बझाडा म्हणतात. अचलपूर, चांदूर बाजार, वरूड, मोर्शी या भागातील संत्र्याच्या बागा ज्या विहिरींवर उभ्या राहिल्या, त्या विहिरींची पातळी याच पट्ट्याच्या पुनर्भरणावर अवलंबून आहे. म्हणजे नदीला कोरडे करणारी जी जिरवण वीज अभियंत्याला तोट्याची वाटेल, तिच्यावर बागाईतदाराचे घर चालते.

सह्याद्रीत नेमके काय वेगळे होते, हे पाहिल्याशिवाय वऱ्हाडाचा प्रश्न उलगडत नाही. भारतातील जलविद्युतीची सुरुवात १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग येथील छोट्या केंद्राने झाली. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पोचली, आणि लांब अंतरावर वीज वाहून नेता येते हे देशाला दिसले. त्यानंतर जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून निघालेली आणि त्यांच्या पश्चात पूर्ण झालेली लोणावळ्याची योजना आली. घाटमाथ्यावर तळी बांधून पावसाचे पाणी अडवायचे आणि ते नळांतून कोकणच्या पायथ्याला सोडायचे, ही तिची रचना. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये. पाऊस इथेही चारच महिने पडतो. फरक असा की तो इतका पडतो की बाकीचे आठ महिने पुरेल एवढा साठा करता येतो. शिवाय साठ्यासाठी माथ्यावर रुंद खोरी आहेत. ती खोरी रिकामी नव्हती, हे मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून केलेल्या सत्याग्रहाने सगळ्या महाराष्ट्राला सांगितले. धरण आणि विस्थापन यांचा वाद या देशात इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल.

या वीजनिर्मितीशी वऱ्हाडाचा पहिला संबंध आला तो नदीतून नव्हे, कापसातून. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच दशकात रेल्वे अकोला-बडनेऱ्यापर्यंत पोचली. अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा इथे सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. ते वाफेवर चालत. कोळसा रेल्वेने येई, पाणी विहिरीचे किंवा नदीतल्या डोहाचे. इथून गाठी मुंबईला जात, आणि १९१५ नंतर मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रे हळूहळू खोपोलीच्या विजेवर फिरू लागली. वऱ्हाडचा कापूस सह्याद्रीच्या पाण्यावर कातला जाऊ लागला तेव्हा वऱ्हाडातील बहुतेक गावांत रॉकेलचा कंदीलच होता. शहरांत वीज आली ती खासगी परवानाधारक कंपन्यांच्या छोट्या यंत्रसंचांवर, मुख्यतः रस्त्यांवरचे दिवे आणि थोड्या सधन घरांपुरती.

मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या वीज केंद्रांचा विचार केला तेव्हा त्यासमोर दोन वाटा होत्या: सातपुड्यातील नद्या किंवा वर्धा आणि कन्हान खोऱ्यांतील कोळसा. कोळसा हाताशी होता, रेल्वेच्या रुळांवर होता आणि वर्षाचे बारा महिने मिळत होता. खापरखेडा आणि बल्लारपूर येथील केंद्रे त्यातून आली. पुढे १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या पहिल्याच काळात, १९६१ मध्ये, अकोला जिल्ह्यात मन नदीकाठी पारस येथे ३० मेगावॉटचा औष्णिक संच सुरू झाला. जुने संच आज इतिहासजमा झाले आहेत. २००८ आणि २०१० मध्ये आलेले २५० मेगावॉटचे दोन संच आता चालतात. वऱ्हाडाच्या विजेची दिशा त्या दशकातच ठरून गेली होती. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला, राज्याचे पारेषण जाळे पुढे एकत्र झाले आणि एक कामवाटप रूढ झाले: विदर्भातील कोराडी, चंद्रपूर, खापरखेडा, पारस यांनी कोळसा जाळून दिवसरात्र पायाचा भार पेलायचा आणि कोयनेने संध्याकाळच्या चढत्या मागणीला काही मिनिटांत संच सुरू करून धावून यायचे. औष्णिक संच थंड अवस्थेतून उभा करायला तास लागतात. पाण्याचा संच झडप उघडताच कामाला लागतो. आजही अकोल्यात संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा त्या प्रवाहात थोडा वाटा कृष्णा खोऱ्यातील पाण्याचा असतो.

विदर्भातले खऱ्या अर्थाने मोठे म्हणता येईल असे जलविद्युत केंद्र एकच, आणि तेही वऱ्हाडाबाहेर, पेंच नदीवर. तोतलाडोह धरण नागपूर जिल्ह्यात आहे, तर विद्युतगृह मध्य प्रदेशच्या हद्दीत. ८० मेगावॉटचे दोन संच १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि वीज दोन राज्यांनी दोनास एक या प्रमाणात वाटून घेतली. एक हिस्सा महाराष्ट्राचा. पेंचचे पाणी नागपूर शहर पिते, कामठी-रामटेकची शेती त्यावर होते, आणि नदीच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारा ओघ कमी झाला आहे. वरच्याने अडवले की खालच्याचे टर्बाइन थांबते, हा नदीवरील वीजनिर्मितीचा जुना कायदा आहे.

वान आणि शहानूर ही केंद्रे याच संदर्भात पाहिली पाहिजेत. दोन्ही धरणे विजेसाठी बांधलेली नाहीत. शहानूर धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ४६ दलघमी आहे. दर्यापूर आणि अंजनगाव परिसरातील खारपाण पट्ट्याला गोडे पाणी देणे हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम. पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी इतके खारट आहे की ते पिता येत नाही, आणि शेतीला दिले तर काळी जमीन दगडासारखी बसते. अशा मुलखात सातपुड्याच्या पायथ्याशी अडवलेले गोडे पाणी ही पहिली गरज असते. टर्बाइन तिथे नंतर येते.

वान धरण त्याहून मोठे आहे. वारी भैरवगडजवळ, जिथे नदी डोंगरातून बाहेर पडते तिथल्या अरुंद तोंडावर, सुमारे ६७ मीटर उंचीची भिंत उभी आहे. तिची लांबी जेमतेम अर्धा किलोमीटर. मैदानी भागात एवढ्या साठ्यासाठी कित्येक किलोमीटर लांब मातीचा बांध घालावा लागतो. इथे डोंगरानेच तीन बाजू राखल्या आहेत. जलाशयाला हनुमान सागर म्हणतात आणि त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८२ दलघमी आहे. पाणलोट जवळजवळ सगळा मेळघाटच्या जंगलात असल्यामुळे पाणी स्वच्छ येते आणि धरण बहुतेक वर्षी भरते. अवर्षणात काटेपूर्णेचे धरण तळाला जाते तेव्हा अकोला शहर वानकडे आशेने पाहते, ते यामुळेच.

धरणाच्या पायथ्याशी असलेल्या अशा केंद्राची चाल साधी असते. कालव्याला सोडायचे पाणी विमोचकातून वाया जाणाऱ्या जोरासह सोडण्याऐवजी पोलादी नळातून टर्बाइनवर घ्यायचे, आणि टर्बाइनमधून निघालेले अवजल कालव्यात किंवा नदीत टाकायचे. पाणी खर्च होत नाही, फक्त त्याचा पडाव खर्च होतो. रब्बीची पाळी सुरू झाली की संच चालतो, पाळी बंद झाली की थांबतो. वीज कधी करायची हे वीज कंपनी ठरवत नाही. हरभरा आणि गव्हाच्या पाळीचे वेळापत्रक ठरवते. पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून पाणी जाऊ लागले तर तेवढे दिवस जास्तीची वीज मिळते, पण तेव्हा राज्यात विजेची तूटही नसते. उलट, नळयोजनांसाठी जलाशयातूनच थेट उचललेले पाणी टर्बाइनपर्यंत येतच नाही. गोड्या पाण्याच्या योजना जशा वाढतील तसे केंद्राचे पाणी कमी होत जाईल. यावर कोणी हरकत घेत नाही, आणि घेऊही नये.

हिशेब करून पाहिला तर कारण कळते. वानचा पूर्ण उपयुक्त साठा वर्षातून एकदा टर्बाइनमधून गेला, आणि धरण भरलेले असतानाचा व रिकामे होतानाचा पडाव यांची सरासरी ४५ मीटर धरली, तर सुमारे ८५ लाख युनिट वीज मिळेल. पारसचे दोन संच पूर्ण क्षमतेने चालले तर एवढी वीज सतरा तासांत तयार करतात. त्याच ८२ दलघमी पाण्याची किंमत मात्र तेल्हारा, अकोट, संग्रामपूरच्या शेतकऱ्याला विचारावी किंवा खारपाण पट्ट्यातल्या बाईला. वानचे पाणी अकोला शहराला द्यावे की नाही, बाळापूर तालुक्यातल्या गावांना द्यावे की नाही, यावरून गेल्या काही वर्षांत मोर्चे निघाले, पदयात्रा झाल्या, शासनाचे निर्णय निघाले आणि त्यांना स्थगितीही मिळाली. या सगळ्या भांडणात विजेचे नाव एकदाही पुढे आले नाही. नदीच्या पाण्यावरच्या हक्कदारांच्या रांगेत टर्बाइन शेवटून पहिले उभे आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला शेतीच्या आधी जागा होती. २०११ मध्ये तो क्रम बदलून शेती वर आली. दोन्ही वेळा वादाचा विषय शेती आणि उद्योग हाच होता.

महाराष्ट्रात जलविद्युत केंद्रे बांधण्याची रीतही इथे सांगायला हवी. धरण आणि विद्युतगृह जलसंपदा विभाग, म्हणजे पूर्वीचे पाटबंधारे खाते, बांधतो. चालवण्यासाठी ते आधी वीज मंडळाकडे आणि २००५ च्या विभाजनानंतर महानिर्मितीकडे दीर्घ भाडेकराराने दिले जाते. त्याच वर्षी राज्याने लहान जलविद्युत प्रकल्पांसाठी खासगी भांडवलाला वाट देणारे धोरण आणले. सह्याद्रीच्या धरणांवर त्याचा काही उपयोग झाला. वऱ्हाडात बहुतेक धरणांचा पडाव कमी आणि पाण्याचे दिवस मोजके. गुंतवणूकदाराला असे यंत्र हवे असते जे वर्षातले निदान निम्मे दिवस चालेल.

तरीही उंचीचा मोह सुटला नाही, आणि तो सर्वथा चुकीचाही नव्हता. ओघ नसेल तर तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते. वर एक तळे, खाली एक तळे. रात्री किंवा दुपारी जेव्हा जाळ्यात जास्तीची वीज असते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी चढली की खाली सोडायचे. याला उदंचन योजना म्हणतात. अशा योजनेत वीज निर्माण होत नाही, साठवली जाते. चार युनिट घालून साधारण तीन परत मिळतात. तिला सतत वाहणारी नदी लागत नाही, बाष्पीभवन आणि गळती भरून निघेल एवढे पाणी आणि जवळजवळ असलेले दोन उंच-सखल खळगे पुरतात. राज्यात पैठणला १२ मेगावॉटचा असा उलट चालणारा संच १९८० च्या दशकात बसला, आणि २००८ मध्ये घाटघरचे २५० मेगावॉटचे केंद्र पूर्ण झाले. याच तर्काने चिखलदऱ्याजवळ ४०० मेगावॉटची उदंचन योजना आखली गेली. कागदावर जागा उत्तम होती: उंची भरपूर, कोळशाची केंद्रे जवळ, पारेषणाचे जाळे खाली मैदानात.

पण १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. त्यानंतर गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले, नंतर वान, अंबाबरवा आणि नरनाळा ही अभयारण्ये जोडली गेली. ज्या डोंगरात उंची आहे तेच डोंगर संरक्षित झाले. तळी, बोगदे, रस्ते, दगडखाणी आणि उच्चदाब वाहिन्यांसाठी तोडायची जागा ही वाघांची वाट होती, आणि योजना वनपरवानगीच्या उंबरठ्यावर अडली. तापीवर धारणी तालुक्यात खाऱ्या-घुटीघाट येथे धरण बांधण्याच्या जुन्या प्रस्तावाचेही असेच झाले. पुढे मोठ्या बुडिताऐवजी कालव्यांद्वारे बझाडा पट्ट्यात पाणी जिरवण्याची तापी महापुनर्भरण योजना पुढे आली आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्यासाठी सामंजस्य करार केला. चिखलदऱ्याच्या योजनेबद्दल तज्ज्ञांत आजही दोन मते आढळतील. सौरऊर्जा वाढली तशी दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी टंचाई होते, त्यामुळे उदंचनाची गरज पूर्वीपेक्षा खरी आहे. राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणही केले. मात्र सह्याद्रीत अशा जागा डझनांनी असताना मेळघाटचा गाभा फोडण्याचे समर्थन करणे कठीण आहे. शिवाय वान आणि शहानूरचे पाणी स्वच्छ येते ते त्या जंगलामुळेच. आणखी एक विसंगती ध्यानात ठेवण्यासारखी: ज्या जंगलातून चारशे मेगावॉट नेण्याचा विचार झाला, तिथल्या कितीतरी कोरकू वस्त्यांत तारा पोचलेल्या नव्हत्या आणि उजेड सौर दिव्यांचाच होता.

वऱ्हाडाच्या पाण्यातून वीज होतच नाही, असे मात्र नाही. ती खाली होते. पूर्णा आणि मेळघाटच्या उत्तरवाहिनी नद्यांचे पुराचे पाणी तापीतून हतनूर ओलांडून गुजरातेत जाते आणि उकाई धरणात साठते. उकाईचे ७५ मेगावॉटचे चार संच १९७० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाले. चिखलदऱ्याच्या कड्यावरून पडलेले पाणी वीज देते, पण तीनशेहून अधिक किलोमीटर पुढे आणि दुसऱ्या राज्यात. सातशे मीटरचा उतार तोपर्यंत वाया गेलेला असतो. विदर्भाच्या वाचकाची एक गफलतही इथे टाळायला हवी. महाराष्ट्राच्या जलविद्युत यादीत पूर्णा नदीवरील येलदरीचे साडेबावीस मेगावॉटचे केंद्र आहे. ती पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळणारी, मराठवाड्यातली. वऱ्हाडच्या पूर्णेशी तिचे नाव तेवढे सारखे.

पाण्याने वीज करण्याची बाजू अशी तुटपुंजी असली तरी विजेसाठी पाणी देण्याची बाजू तशी नाही. कोळशाच्या केंद्रालाही नदी लागते. २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जुन्या औष्णिक केंद्रांसाठी दर मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर ही पाणीवापराची मर्यादा घातली. त्या मर्यादेनेही ५०० मेगावॉटचे पारस वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले तर सुमारे १५ दलघमी पाणी लागेल. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे वर्धा नदीवर १९९३ मध्ये झालेले ऊर्ध्व वर्धा धरण, नल-दमयंती सागर, अमरावती शहराची तहान आणि हजारो हेक्टरांचे सिंचन या उद्देशाने बांधले गेले. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे १,३५० मेगावॉटचा खासगी औष्णिक प्रकल्प मंजूर झाला आणि त्यासाठी या धरणातून वर्षाला सुमारे ८७ दलघमी पाणी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा सिंचनाच्या अनुशेषाचा प्रश्न पेटला, आंदोलने झाली आणि वाद न्यायालयात गेला. आकडे शेजारी ठेवले तर त्या वादाचे वजन कळते: एका औष्णिक केंद्रासाठी राखलेले पाणी वानच्या संपूर्ण उपयुक्त साठ्यापेक्षा जास्त होते. टर्बाइनमधून गेलेले पाणी कालव्याला मिळते. शीतकरण मनोऱ्यातून गेलेले बहुतांश वाफ होऊन आकाशात जाते.

पुढचा टप्पा याच दिशेचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दहून बुलढाण्यातील नळगंगा धरणापर्यंत सव्वाचारशे किलोमीटरहून लांब जोडकालवा, नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा हे सहा जिल्हे, सुमारे पावणेचार लाख हेक्टर सिंचन आणि वर्षाला सुमारे १,७७० दलघमी पाणी, असा त्याचा आवाका सांगितला जातो. वैनगंगेचे पाणी वऱ्हाडात आपोआप वाहत येणार नाही. वाटेत ते पंपांनी चढवावे लागेल. एक दलघमी पाणी १०० मीटर वर चढवायला पंप आणि मोटारीतील घट धरून साडेतीन लाखांच्या आसपास युनिट लागतात. पूर्ण पाणी उचलले तर दर १०० मीटर चढाला वर्षाला सुमारे ६० कोटी युनिट, म्हणजे वानच्या पूर्ण साठ्यातून मिळू शकणाऱ्या विजेच्या सत्तरपट. हे पंप कोणत्या विजेवर आणि दिवसाच्या कोणत्या वेळी चालवायचे, हा त्या आराखड्यातील सर्वांत महाग प्रश्न ठरेल. ते दुपारच्या सौर विजेवर चालवायचे तर वाटेतील धरणे दिवसाचे चढवलेले पाणी रात्री पुढे सोडणारी मधली तळी म्हणून वापरावी लागतील, आणि तेवढी जागा त्यांत पावसाळ्यातही रिकामी ठेवावी लागेल.